रात्रपाळी आणि आमच्या बाया

कायद्यानं बाईच्या रात्रीकडं पहिल्यांदा बघितलं ते १८९१ साली. फॅक्टरी ॲक्टात लिहिलं गेलं, बाईला दिवसाला ११ तासांवर राबवायचं नाही, रात्री ८ ते पहाटे ५ कामावर घ्यायचं नाही. पाळ्यांची मंजुरी असली तर सूट. गोऱ्या सरकारला कळवळा आला असं कुणी समजू नये. मुंबईच्या स्वस्त सुताची झळ मँचेस्टरच्या मालकांना लागत होती. पण खालूनही रेटा होता. २४ एप्रिल १८९० ला नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली. तिथं दोन बायाही उभ्या राहून बोलल्या.

पुढं १९४८ चा कायदा आला. कलम ६६. बाईनं काम करायचं सकाळी ६ ते संध्याकाळी ७. रात्रीची सूट एकच, मासळीचे कारखाने. का? तर माल नासतो! म्हणजे मासळी नासायला लागली की बाईच्या अब्रूनं थांबायचं.

मालकांनीही हिशेब मांडला. बाई तिन्ही पाळ्यांत फिरवता येत नाही, मग पुरुषच बरा. गिरण्यांतल्या बाया कमी होत गेल्या, त्यात या हिशेबाचाही वाटा होता.

दोस्तहो, हे आपल्या ओळखीचं आहे. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा सवाल लावून धरला. तिकडं विटाळ, इकडं अब्रू. शब्द दोन, पण दार बंद करायची कडी एकच.

आणि ऊसतोडीला गेलेली आपली माय-बहीण? ती अंधारात कोयता धरते, रात्री-बेरात्री मोळ्या वाहते. तिची रात्र कलम ६६ ला कधी दिसलीच नाही. ते कलम कारखान्यापुरतं.

२००० साली मद्रास हायकोर्टानं ही रात्रबंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा झाला. रात्री साडेनऊनंतर बाईची संमती पाहिजे, संरक्षण पाहिजे, घराच्या दारापर्यंत गाडी पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यातही संमती आणि सुरक्षा आहे.

बंदी उठली हे चांगलंच झालं. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. पहाटे तीनला डोळा लागतो तो बाईचाही आणि बाप्याचाही. पण बचतगटाचा हप्ता डोक्यावर असलेली बाई "नाही" कशी म्हणणार? नाही म्हटल्यावर काम टिकलं, तरच ती संमती. आणि दारापर्यंत म्हणजे कुठवर? भोकरच्या स्टँडापर्यंत, का गावाबाहेरच्या आपल्या वस्तीपर्यंत?

म्हणून बायांनो, अंगठा उठवायच्या आधी विचारा. गाडी कुठवर येणार? १० माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्यानं तक्रार समिती लागते आणि तिची अध्यक्ष बाईच लागते. ती कोण आहे? उत्तर कागदावर घ्या. कागद आपल्याजवळ ठेवा.