नाव, नावाडी आणि उतारू : कृष्णाकाठच्या नौकानयनाची सामाजिक बाजू

नौकानयन हा विषय निघाला की मराठी अभ्यासकाची दृष्टी साहजिकच कोकणपट्टीकडे वळते. सातारा व सांगली हे जिल्हे सह्याद्रीच्या पूर्वेचे. त्यांना समुद्र नाही, बंदर नाही. तथापि कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांवर पूल होण्यापूर्वी पावसाळ्यात या प्रदेशाचे दळणवळण बव्हंशी नावेवरच अवलंबून असे. नाव कोणी वल्हवावी, तीत कोणी बसावे आणि तिचे उत्पन्न कोणाच्या पदरी पडावे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत येथील समाजरचनेचे चित्र बऱ्याच स्पष्टपणे उमटलेले आहे. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे या विवेचनात शब्दांच्या साक्षीवर अधिक भर पडला असल्यास वाचकांनी तो क्षम्य मानावा.

प्रथम शब्दांचेच पाहू. समुद्रावरील मराठी परिभाषा पुष्कळ अंशी फारसी-अरबी वळणाची आहे. नाखवा, सारंग, खलाशी, सुकाणू, दर्यावर्दी हे सर्व शब्द अरबी समुद्रावरील व्यापाराबरोबर किनाऱ्यावर आले आणि तेथेच रुळले. नदीवरील शब्द मात्र घरचे आहेत. नाव, नावाडी, तर, तरी, उतार हे संस्कृत-प्राकृत परंपरेतून सरळ उतरलेले असून त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी ‘तॄ’ हा धातू आहे. ‘उतारू’ हा शब्द विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. आज आपण तो आगगाडीच्या वा एस. टी.च्या प्रवाशास लावतो. परंतु ‘उतरणे’ याचा एक जुना अर्थ नदी पार करणे असा आहे आणि उतारू तो, जो पैलतीरी जातो. नावाडी मात्र कधीच उतारू नसतो. तो नदी दिवसातून दहा वेळा ओलांडतो, पण भाषेच्या दृष्टीने तो कोठेच जात नाही. भाषेने केलेली ही विभागणी समाजाने केलेल्या विभागणीहून फार वेगळी नाही.

सातारच्या दरबाराचा समुद्राशी आलेला संबंधही याच दृष्टीने पाहता येतो. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने शाहू महाराज व कान्होजी आंग्रे यांचा समेट झाला आणि कान्होजींचे ‘सरखेल’ हे पद मान्य करण्यात आले. आता ‘खैल’ या शब्दाचा अर्थ घोडे अथवा घोडेस्वारांचे पथक असा होतो; सरखेल म्हणजे अशा पथकाचा नायक. आरमाराच्या प्रमुखाला घोडदळाची पदवी मिळावी, यात मला घाटावरील सरदारी समाजाची मनोरचना दिसते. प्रतिष्ठेचे माप घोडा हे होते. गलबताला प्रतिष्ठा द्यावयाची तर तीही घोड्याच्याच भाषेत. कारभारी वर्गाची अडचण निराळी होती. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातित्य आणणाऱ्या कृत्यांत गणला आहे आणि पुढे कलिवर्ज्यांतही त्याची गणना झाली. असे असूनही, १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह पदच्युत झाल्यावर रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडण्यासाठी इंग्लंडात राहिले आणि १८५३ मध्येच परतले. शास्त्राचा निषेध राजकारणाच्या निकडीपुढे किती टिकतो, याचे हे एक उदाहरण होय.

नदीकडे परत येऊ. मोल्सवर्थने आपल्या कोशात बारा बलुतेदारांच्या तीन कासा दिल्या आहेत. सुतार, लोहार, महार व मांग ही थोरली. कुंभार, चांभार, परीट व न्हावी ही मधली. भट, मुलाणा, गुरव व कोळी ही धाकटी. घाटावरच्या गावगाड्यात कोळ्याचे काम पाणी भरण्याचे आणि नदीकाठच्या गावी त्याबरोबर नाव चालविण्याचे. येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. भट आणि कोळी एकाच कासेत आहेत, याचा अर्थ त्यांचा सामाजिक दर्जा समान होता असा नव्हे. कास ही शेतीच्या कामातील निकडीवरून ठरे, सोवळ्याओवळ्यावरून नव्हे. एरवी महार-मांग थोरल्या कासेत आणि भट धाकट्या कासेत आले नसते. कोळ्याने आणलेले पाणी वरच्या जातींना चाले, म्हणून तो त्यांच्या घरात व घाटावर वावरू शके. परंतु त्याचे कसब शेतीच्या गणितात दुय्यम असल्याने खळ्यावरचा वाटा बेताचाच. प्रतिष्ठा आणि उत्पन्न यांची अशी फारकत आपल्या गावगाड्यात अनेक ठिकाणी आढळते.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का कायद्याने दिला, पुलांनी नव्हे. मुंबई इलाख्यातील १८६८ च्या तरींच्या कायद्याने सार्वजनिक तरी सरकारी नियंत्रणाखाली आल्या आणि त्यांचे उत्पन्न मक्त्याने देण्याची वाट रूढ झाली. वंशपरंपरेचा हक्क लिलावात उभा राहिला. लिलाव म्हटला की भांडवल आले. ज्याच्याजवळ रोकड तो मक्तेदार, आणि ज्याच्याजवळ केवळ वल्हे तो त्याचा मजूर, अशी शक्यता त्यातून निर्माण झाली. बलुत्यातील नावाड्याला वर्षाचे धान्य ठरलेले असे. मक्त्यावरील नावाड्याला तशी हमी राहिली नाही. बलुतेपद्धतीचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही, पण हा बदल केवळ प्रशासकीय नव्हता एवढे म्हणावयास हरकत नसावी.

ज्याला नाव परवडत नसे, तो सांगडीवर वा भोपळ्यांच्या आधाराने नदी पार करी. ऊसपट्ट्यात याखेरीज काहील होती. गुऱ्हाळात रस आटविण्याची ही पसरट लोखंडी कढई पुराच्या वेळी पाण्यात सोडली की तिची नाव होते. काहील ज्याची, ऊस व गुऱ्हाळ त्याचे. म्हणजे अडचणीच्या वेळी गावाला पार नेण्याचे साधन बागायतदाराच्या दारी असे.

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला आणि सांगलीवाडीकडे जाण्यासाठी नावेची निकड उरली नाही. निकड संपली तेव्हा खेळाला मोकळीक मिळाली. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ मध्येच स्थापन झाला होता व त्याचे सभासदत्व दीर्घकाळ युरोपीयांपुरते होते. ज्या श्रमाची पोटासाठी गरज नाही तो श्रम प्रतिष्ठेचा ठरतो, हे व्हेब्लेनने १८९९ मध्ये मांडलेले सूत्र तेथे चपखल बसते. कृष्णेवरील होड्यांच्या शर्यतींना मात्र ते जसेच्या तसे लावता येणार नाही. येथे वल्ही मारतात ती सांगलीवाडी, कवठेपिरान, डिग्रज अशा गावांतील मुले, आणि काठावर लोटते ते सारे गाव. तरीही मंडळांची नावे वाचण्यासारखी आहेत : एक ‘रॉयल कृष्णा बोट क्लब’, दुसरा ‘तरुण मराठा बोट क्लब’. पहिल्यात मुंबईच्या साहेबी संस्थेचा प्रतिध्वनी आहे. दुसऱ्यात शेतकरी जातीचे नाव त्या वल्ह्यावर आले आहे, जे गावगाड्यात कोळ्याच्या हाती होते. हलके मानलेले काम खेळ होताच वरच्या थराला आपलेसे वाटू लागते.

कोयनेवर याच्या उलट घडले. धरणाच्या शिवसागर जलाशयाने जावळी व पाटणकडील गावे बुडविली. बरेच लोक विस्थापित झाले, काही वर डोंगरात सरकले. ज्यांच्या पिढ्यांना होडीचा परिचय नव्हता, त्यांचा बाजार, दवाखाना व शाळा लाँचवर अवलंबून राहिली. बामणोली-तापोळ्यास आज पर्यटक हौसेने जलविहार करतात. पैलतीरावरचा गावकरी त्याच पाण्यावरून निरुपायाने जातो. दोघेही उतारूच, पण एकाच अर्थाने नव्हेत.

कसब मात्र एकदा तुटले की मागता येत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर नेणारी नाव उलटली आणि अनेकांचा, त्यांत स्त्रियांचा व मुलांचा, बळी गेला. त्या अपघाताची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु नावेत किती माणसे घ्यावीत, प्रवाह कोठे ओढतो, कोणत्या क्षणी नाव काठाला लावू नये, हे ज्ञान नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले होते आणि त्याला बलुत्याबाहेर कधी मोल मिळाले नाही. घाटाघाटांवरील वृद्ध नावाड्यांकडून त्या ज्ञानाची शब्दसूची अद्याप करता येण्याजोगी आहे. औदुंबर-भिलवडीच्या घाटापासून तिचा आरंभ करावा, असे मी आमच्या विद्यार्थ्यांना सुचवीत असतो.