गुरांच्या डॉक्टरला एवढं शिक्षण कशाला?

‘गाईला सुईच तर टोचायची, त्याला साडेपाच वर्षं कशाला?’ हा प्रश्न गोठ्यात ऐकू येतो, आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या बैठकीतही. पशुवैद्यकाच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. वर ‘नीट’ द्यावी लागते. मग साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यापुढे वर्षभराची आंतरवासिता, आणि शेवटी पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी. हे सगळं फाजील आहे, असं मत आज बरंच रुजलं आहे. मला ते चूक वाटतं. पण खोडण्याआधी ते पुरतं ऐकून घ्यायला हवं, कारण त्यामागे खरी अडचण आहे.

पूर्वपक्ष असा. रात्री दोन वाजता गाय अडली तर धावून येतो तो पशुधन पर्यवेक्षक. त्याची पदविका दहावीनंतरची, पण आडवं आलेलं वासरू आतल्या आत वळवून काढणं त्याने शेकडो वेळा केलेलं असतं. लस टोचणं, कृत्रिम रेतन, अडकलेली वार, पोटफुगी ही गावातली रोजची कामं त्याच्याच हातून होतात. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा असं सुचवलं होतं. गावोगावी तेवढे पदवीधर अजून पोचलेले नाहीत. शिवाय परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं तेव्हा तिथला अभ्यासक्रम तीनच वर्षांचा होता, आणि त्यातून बाहेर पडलेल्यांनी बुळकांडीसारख्या रोगाला तोंड दिलं. मग ज्याला काम येतं त्याला करू द्यावं, शिक्षणाची अट कमी करावी.

यातली एक गोष्ट मी बिनशर्त मान्य करतो: हात अनुभवानेच बसतो. अडलेली गाय सोडवायला वर्गातला फळा कामाचा नाही. चूक आहे ती पुढच्या पायरीवर. ही सगळी मांडणी रोग आधीच ओळखलेला आहे असं धरून चालते. गोठ्यात मात्र जनावर दिसतं, रोग दिसत नाही.

दुग्धज्वर घ्या. नावात ज्वर आहे, पण अंग थंड पडलेलं असतं. भरपूर दुधाची गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत बसते, उठत नाही, मान कुशीकडे वळवते, कान गार लागतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. शिरेतून कॅल्शियम सावकाश दिलं की तीच गाय बघता बघता उठून उभी राहते, आणि शेतकऱ्याला तो चमत्कार वाटतो. हा चमत्कार ज्याने दहा वेळा पाहिला, तो अकराव्या बसलेल्या गाईलाही कॅल्शियमच लावणार. पण ही अकरावी गाय वासरू ओढताना मांडीची नस दबल्यामुळे बसलेली असू शकते, खुबा मोडल्यामुळे बसलेली असू शकते, किंवा गर्भाशयातला नाहीतर कासेतला दाह अंगभर भिनल्यामुळे. शेवटच्या प्रकारात हृदय आधीच दुबळं झालेलं असतं, आणि गडबडीत सोडलेलं कॅल्शियम तिचा जीव घेऊ शकतं. बाटली तीच, शीर तीच, सुई तीच. टोचण्याआधी आणि टोचत असताना हृदयाचे ठोके का ऐकायचे, आणि ते बिघडले तर हात का थांबवायचा, हे शिकायला शरीरक्रियाशास्त्र लागतं, विकृतिशास्त्र लागतं, औषधशास्त्र लागतं. ही वर्षं तिथे जातात.

दुसरं उदाहरण मेलेल्या जनावराचं आहे. सकाळी चांगला असलेला बैल दुपारी मरून पडला. नाकातून, गुदद्वारातून काळसर रक्त येतंय आणि ते गोठत नाही. विम्यासाठी शवविच्छेदन करून दाखला द्या, असा मालकाचा आग्रह असतो. इथे पशुवैद्यकाचं सगळं शिक्षण सुरी न उचलण्यात आहे. ही काळपुळी असू शकते. शव फाडलं की जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, आणि शव न उघडता खोल पुरायला लावायचं. मालक नाराज होतो, गाव बोलतं. तरी उघडायचं नाही.

आणि रुग्ण एका जातीचे नसतात. आपल्याकडे घोड्यांसाठी शालिहोत्र आणि हत्तींसाठी पालकाप्य अशी वेगळी शास्त्रं मानली गेली. आजची पदवी घोडा, गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कुत्रा, मांजर, कोंबडी अशी सगळीच जबाबदारी एका माणसावर टाकते. झायलाझिन हे गुंगीचं औषध घोड्याला जेवढं लागतं त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शात गाय आडवी होते. माणसाच्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते. कोंबडीच्या खाद्यात चालणारं मोनेन्सिन घोड्याच्या पोटात गेलं तर त्याचं हृदय निकामी होतं. यातलं काहीही अनुभवाने शिकायचं म्हटलं तर प्रत्येक धड्याला एक जनावर खर्ची पडेल.

१८८६ च्या तीन वर्षांचं उत्तरही यातच आहे. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. औषधं थोडी होती, म्हणून बिघडवण्याची ताकदही थोडी होती. आज गाईच्या कासेत सोडलेलं औषध तिच्या दुधातून लेकराच्या पेल्यात जातं. कुठल्या औषधानंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे कुणीतरी जाणून ठामपणे सांगावं लागतं. डायक्लोफिनॅकने गिधाडं संपवली हे २००४ साली उघड झालं आणि २००६ साली त्याचा जनावरांसाठीचा वापर आपल्याकडे बंद करण्यात आला. ते औषध देणाऱ्यांत पदवीधरही होते, हे मी लपवत नाही. पण त्यातून अभ्यास वाढवायला हवा असं निघतं, कमी करायला हवा असं नाही. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात. तिच्यातले जंतू जिवंत असतात. सुई चुकून स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाऱ्यालाच महिनोन्महिने ताप भोगावा लागू शकतो.

पर्यवेक्षकाचं काय? पशुवैद्यक परिषदेच्या १९८४ च्या कायद्याने त्याला हाकललेलं नाही. किरकोळ पशुवैद्यकीय सेवा त्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली कराव्यात, अशी सोय कलम ३० मध्ये आहे. अडचण ही की देखरेख करणारा बरेचदा फक्त कागदावर असतो. तो कागदावरून गावात आणायचा तर पदं भरायला हवीत. अट खाली आणून रिकामं पद भरत नाही. पर्यवेक्षकाच्या डोक्यावर मात्र त्याला न शिकवलेल्या निदानाचा भार येतो, आणि चुकलं की लोक त्यालाच धरतात.

अटींमध्ये खरी खोट मला एकच दिसते, आणि ती प्रवेशाच्या दारात आहे. ‘नीट’चे गुण स्मरण आणि तर्क मोजतात, जनावराजवळ उभं राहण्याची तयारी मोजत नाहीत. दार माणसांच्या डॉक्टरकीचं ठोठावलं आणि ते उघडलं नाही म्हणून इकडे वळलेली मुलं असतात. त्यातली पुष्कळ पुढे उत्तम पशुवैद्यक होतात, पण काहींना पहिल्या वर्षी गोठ्याचा वासही सोसत नाही. ब्रिटनमधली पशुवैद्यक महाविद्यालयं प्रवेश देताना गोठ्यात, शेतावर, दवाखान्यात जनावरांबरोबर केलेलं काम विचारात घेतात. आपल्याकडे शेळ्यांमागे फिरून वाढलेल्या पोरीला त्याचा एक गुणही मिळत नाही. साडेपाच वर्षांतला एक दिवसही कमी न करता, त्यांच्या आधी महिनाभर गोठ्यात काम करण्याची अट घालता येईल. आणि त्या महिन्याचा दाखला त्या गावच्या पशुधन पर्यवेक्षकाने द्यावा.