इंधनबचतीच्या वाहनचालनाचे मूल्यमापन

वाहनातील संवेदकांच्या नोंदींवरून चालक इंधन किती काटकसरीने वापरतो हे ठरवण्याची पद्धत. अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही निदानप्रणाली सक्तीची झाली. तिच्या जोडणीतून वेग, इंजिनाचे फेरे व ॲक्सिलरेटरची स्थिती वाचता येते. इंधनाचा खप मात्र पुष्कळदा गणितानेच काढावा लागतो. पेट्रोल इंजिनात साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते, म्हणून आत गेलेल्या हवेच्या वजनावरून तो कळतो. डिझेल इंजिनात हे प्रमाण भारानुसार बदलते, त्यामुळे तेथे हा हिशोब फसतो.

किलोमीटर प्रतिलिटर हा आकडा सोपा असल्याने सर्वत्र चालतो, पण त्यावरून चालकाची पारख करणे अन्यायाचे आहे. कसारा घाट चढणारा भरलेला ट्रक आणि सपाट रस्त्यावरचा रिकामा ट्रक यांच्या आकड्यांतला फरक चढाचा व मालाचा असतो, चालकाच्या हाताचा नव्हे. म्हणून सवयच मोजायला हवी. ब्रेक लागला की इंधन जाळून मिळवलेला वेग उष्णता होऊन संपतो. ताशी ६० ऐवजी ८० कि.मी. वेग धरला की हवेचा रोध सुमारे पावणेदोन पट होतो. शहरी गर्दीत ब्रेक टाळता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु ॲक्सिलरेटर सोडल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत किती वेळ गेला, हे नोंदींत दिसते. पुढचा सिग्नल लाल पाहून आधीच पाय उचलणारा आणि अखेरपर्यंत गाडी दामटणारा यांतला फरक गर्दीतही लपत नाही. तुलना मात्र त्याच मार्गावरच्या, त्याच वेळेच्या आणि तेवढ्याच भाराच्या फेऱ्यांचीच हवी.

नुसत्या सरासरीवर बक्षीस ठेवले, तर उतारावर गाडी न्यूट्रल करण्याचा मोह वाढेल, ही भीतीही रास्त आहे. वास्तविक इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर इंधन जवळजवळ पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते, शिवाय घाटात इंजिनाचा रोधही हातचा जातो. फेरे आणि वेग एकत्र वाचले की ही धोक्याची सवय उघडी पडते. उरतो पाळतीचा प्रश्न, आणि तो सर्वांत गंभीर आहे. या नोंदी प्रथम चालकाला दाखवाव्यात व प्रशिक्षणासाठी वापराव्यात. पगारकपातीचा आधार म्हणून त्या वापरू नयेत.