पिल्लू कपाटामागे का लपतं?

घरात आणलेलं मांजराचं पिल्लू पहिले दोन-तीन दिवस कपाटामागून बाहेरच येत नाही. मुलं हात घालून त्याला ओढून काढतात, ते बोचकारतं, आणि ‘हे रानटीच आहे’ असा निकाल लागतो.

तसं पाहिलं तर माणसाची आणि मांजराची ओळख फार जुनी. सायप्रस बेटावर एका माणसाशेजारी पुरलेलं, सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं मांजर सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे ती कुणीतरी होडीतून नेली असणार. धान्याच्या साठ्याभोवती उंदीर आले आणि उंदरांमागे आफ्रिकी रानमांजर आलं. त्याला कुणी मुद्दाम निवडून माणसाळवलं असं फारसं दिसत नाही. म्हणूनच की काय, प्रत्येक पिलाला माणसाची ओळख नव्याने करून द्यावी लागते.

ती केव्हा करून द्यायची? कुत्र्याच्या बाबतीत याचं उत्तर १९६१ साली मिळालं होतं: चौदा आठवडे माणसापासून दूर वाढलेली पिल्लं पुढे माणसाला बिचकतच राहिली. मांजराची पाळी १९८०च्या दशकात आली. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिलांचे तीन गट केले. एका गटाला तिसऱ्या आठवड्यापासून, दुसऱ्याला सातव्यापासून रोज थोडा वेळ हाताळलं; तिसऱ्याला नाही. नंतर पाहिलं ते अगदी साधं. पिल्लू माणसाजवळ यायला किती वेळ घेतं आणि हातात किती वेळ राहतं? घड्याळ पुरे! तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्लं सर्वांत धीट निघाली. (न हाताळलेल्या पिलांवर हा अन्याय नाही का, असं विद्यार्थी विचारतील. जरूर विचारू द्यावं.) दुसरा ते सातवा आठवडा हा मांजराच्या ओळखीचा काळ, असं त्यानंतर मानलं जाऊ लागलं. मांजर पिलांना सात घरं फिरवतं म्हणतात. त्या घरांत कुणी प्रेमाने हात लावला असेल, तर पिलाचा फायदाच!

पण सगळं श्रेय हातांचंही नाही. सँड्रा मक्यून यांनी १९९५ साली दाखवलं की धीट बोक्याची पिल्लं, बापाला कधीही न पाहता, अधिक धीट निघतात.

आपल्याकडे पिल्लू येतं तेव्हा हे सात आठवडे बहुधा उलटून गेलेले असतात. मग हाती काय उरतं? हॉलंडमधल्या एका प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मोठ्या मांजरांपैकी दहांना लपायला खोकं दिलं, नवांना नाही. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकेवाल्यांचा ताण कमी दिसला. चौदाव्या दिवशी दोन्ही गटांची सरासरी सारखी झाली, पण बिनखोक्याच्या गटात मांजरामांजरांतला फरक मोठाच राहिला. सरासरी शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल. आणि कपाटामागच्या पिलासाठी, बाजूला भोक पाडलेलं बुटांचं रिकामं खोकं.