टपालांतून व्याकरण

फ्रेंच व्याकरण समोरासमोर शिकवावें कीं दुरून, हा वाद संगणकाबरोबर जन्मला असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास मात्र त्याचा आरंभ बराच मागें नेतो. १८५६ सालीं बर्लिन येथें शार्ल तूसँ व गुस्ताव लांगेनशाइट या दोघांनीं जर्मन वाचकांसाठीं फ्रेंचचे धडे टपालानें पाठविण्यास प्रारंभ केला. शिक्षकाचा शब्द शिष्याच्या कानीं पडणार नाहीं, हें जाणून त्यांनीं धड्यांत उच्चाराच्या खुणाही छापल्या. पुढच्याच वर्षीं, १८५७ त, मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. त्या विद्यापीठानें १९७१ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें, आणि मार्च २०२० मध्यें महामारीनें वर्ग घरोघरच्या पडद्यांवर नेऊन बसविले.

कामोठ्यासारख्या ठिकाणीं हा प्रश्न केवळ मतभेदाचा नाहीं. सिडकोनें वसविलेल्या या वसाहतींतून कलिना येथील विद्यापीठाच्या फ्रेंच विभागांत जावयाचें, तर मानसरोवर स्थानकावरून हार्बर मार्गानें कुर्ला, आणि तेथून पुढें दुसरें वाहन. दुरून शिकविल्यानें या जाण्यायेण्याचा वेळ व पैसा दोन्ही वांचतात. तो लाभ हलका लेखणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

तथापि व्याकरणांत नियम सांगितल्यानें काम संपत नाहीं. ‘मीं पत्र लिहिलें’, ‘मीं चिठ्ठी लिहिली’: येथें क्रियापद कर्माप्रमाणें बदलतें, हें मराठी मूल न शिकतां जाणतें. फ्रेंचमध्यें ‘आव्वार’ या साहाय्यक क्रियापदाबरोबर येणारें भूतकालवाचक धातुसाधित कर्माचें लिंगवचन घेतें खरें, पण कर्म आधीं आलें असेल तरच. शिवाय हा फरक पुष्कळदां लिहिण्यांत दिसतो, बोलण्यांत ऐकूं येत नाहीं. विद्यार्थिनीनें सर्वत्रच कर्माशीं मेळ घातला, तर यंत्र तांबडी खूण करील व नियम पुन्हां दाखवील. ती चूक मातृभाषेच्या कर्मणि प्रयोगांतून आली असावी, हें ताडून दोन्ही भाषांतील भेद उलगडून दाखविण्यास शिक्षक हवा. तो पडद्यावरही असूं शकतो. परंतु मिटलेल्या चौकटींपुढें बोलतांना कोणाची लेखणी कोठें अडखळली, हें त्यानें कसें पाहावें?

म्हणून नियम व सराव खुशाल घरीं पोंचवावेत. वर्गांतील तास चुकांचीं कारणें शोधण्यासाठीं राखावा. तोही फळ्यावरचा नियम उतरवून घेण्यांत गेला, तर कामोठ्याहून आलेल्या मुलीस तिच्या प्रवासाचा मोबदला कोणता मिळाला?