पेडर रोडवाले डॉक्टर आणि मुलीचा वाटा

पेडर रोड माहीत नाही असा मुंबईकर सापडणं कठीण. पण त्या रस्त्याचं सरकारी नाव विचारलंत तर दहातले नऊ जण गप्प बसतील. डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग! आणि ज्यांना हे नाव माहीत असतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे 'शतपत्रे' लिहिणारे लोकहितवादी वाटतात. ते गोपाळ हरी देशमुख, एकोणिसाव्या शतकातले. हे आपले गोपाळराव म्हणजे डॉ. जी. व्ही. देशमुख, विसाव्या शतकातले मुंबईचे नावाजलेले सर्जन, काँग्रेसचे नेते आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद.

या सर्जन माणसाने हिंदू कायद्यावर एक शस्त्रक्रिया केली. ती अर्धवट झाली, आणि टाके निघायला २००५ साल उजाडलं. आजचा लेख त्याबद्दल. थोडा कायदा आहे, पण घाबरू नका, मी वकील नाही, त्यामुळे मला समजला तेवढाच सांगणार आहे.

आधी जुनी व्यवस्था काय होती ते बघू. समजा, गिरगावात राहणारे एक गृहस्थ १९३६ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. मिताक्षरा पद्धतीप्रमाणे (म्हणजे बंगाल-आसाम सोडून बहुतेक हिंदुस्थानात) त्यांची स्वतःची मिळकत दोन मुलांकडे जाणार. बायकोला काय? अन्नवस्त्र. म्हणजे दोन वेळचं जेवण, लुगडी आणि डोक्यावर छप्पर, तेही मुलांच्या मर्जीप्रमाणे. आणि मिळकत एकत्र कुटुंबाची असेल तर आणखी सोपं: माणूस गेला की त्याचा वाटा उरलेल्या पुरुषांत विरघळून जायचा. विधवेची नोंद कुठेच नाही. पन्नास खोल्यांच्या वाड्यात एका अंधाऱ्या खोलीत राहणारी आत्या किंवा काकू, जिचं नावही पुढच्या पिढीला आठवत नाही, ती या कायद्याने तयार केलेली व्यक्ती होती.

देशमुखांनी आणलेलं विधेयक हे बदलण्यासाठी होतं. खाजगी सभासदाचं विधेयक, सरकारचं नव्हे. मूळ मसुद्यात बायको तर होतीच, पण मुलगीही होती. वारसा ठरवताना बाई म्हणून कुणाला वगळायचं नाही असा त्याचा रोख होता. आज वाचताना यात काही विशेष वाटत नाही. त्या वेळी मात्र खळबळ उडाली. आक्षेप आपल्याला घरबसल्या सांगता येतील, कारण ते अजून ऐकू येतात. एकत्र कुटुंब मोडेल. जमिनीचे तुकडे होतील. मुलगी परक्या घरी जाते, मग इथली मिळकत जावयाच्या घशात जाणार. तिला लग्नात दिलंच की सगळं, आता पुन्हा वाटा कशाला?

आणि ही चर्चा करणारे सगळे पुरुष! तेव्हाच्या दिल्लीच्या दोन्ही सभागृहांत एकही बाई सभासद नव्हती. अखिल भारतीय महिला परिषद बाहेरून ओरडत होती, रेणुका राय यांनी १९३४ मध्ये स्त्रियांच्या कायदेशीर अडचणींवर पुस्तिका लिहिली होती. पण मतदानाच्या वेळी हात वर करायला त्यांच्यापैकी कुणीही आत नव्हतं.

विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेलं आणि परत आलं तेव्हा त्यातून मुलगी गायब झालेली होती. उरली ती फक्त विधवा. तिलाही जे मिळालं ते 'मर्यादित हक्का'ने. म्हणजे मिळकत तिच्या नावावर, ती उपभोगू शकते, पण खास कारणाशिवाय विकू शकत नाही, कुणाला देऊ शकत नाही, आणि ती गेल्यावर ती मिळकत तिच्या नव्हे, नवऱ्याच्या वारसांकडे जाणार. कायद्याच्या प्रस्तावनेतला एक शब्द मला फार बोलका वाटतो. स्त्रियांना मालमत्तेत 'अधिक चांगले' हक्क देणं इष्ट आहे, असं तिथे म्हटलंय. 'समान' नाही.

देशमुखांनी हे अर्धं स्वीकारलं. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय. विधेयक मागे घेऊन बाणेदारपणे बाहेर पडणं सोपं होतं. वर्तमानपत्रात चार दिवस नाव झालं असतं आणि विधवा त्याच अंधाऱ्या खोलीत राहिली असती. माझ्या मते त्यांनी घेतलं ते बरोबर केलं, कारण त्या अर्ध्यातही एक मोठी गोष्ट होती: वाटणी मागण्याचा अधिकार. नवरा गेलेली बाई आता मुलांच्या किंवा दिरांच्या बरोबरीने म्हणू शकत होती, माझा हिस्सा वेगळा काढा. ही धमकी नुसती हातात असणं, आणि ती कधीच न वापरणं, यानेसुद्धा घरातली वागणूक बदलते. आपल्यापैकी ज्यांनी कधी राजीनाम्याचं पत्र खिशात ठेवून अप्रेझलची मीटिंग केली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आता गंमत बघा. विधेयक ४ फेब्रुवारी १९३७ ला असेंब्लीत मंजूर झालं. मग वरच्या सभागृहात, कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेलं. तिथे ते मंजूर झालं ६ एप्रिल १९३७ ला. १४ एप्रिलला गव्हर्नर जनरलची संमती मिळाली, कायदा अमलात आला. सगळं ठीक.

फक्त मधे १ एप्रिल येऊन गेला होता. त्या दिवशी १९३५ च्या गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया ॲक्टचा प्रांतिक स्वायत्ततेचा भाग लागू झाला. केंद्राचे विषय वेगळे, प्रांतांचे वेगळे. आणि वारसाहक्कात 'शेतजमीन' हा तुकडा काढून खास प्रांतांच्या यादीत टाकलेला होता. विधेयक एका सभागृहात जुन्या घटनेखाली मंजूर झालं आणि दुसऱ्यात नव्या घटनेखाली! आमच्याकडे ऐन रिलीजच्या मधोमध कुणी सर्व्हर बदलला तर जे होतं तेच इथे झालं. वाद फेडरल कोर्टापुढे गेला आणि एप्रिल १९४१ मध्ये कोर्टाने मत दिलं, की ६ एप्रिलला केंद्रीय कायदेमंडळाला प्रांतांतल्या शेतजमिनीबद्दल कायदा करण्याचा अधिकारच उरला नव्हता. कायद्यात 'मालमत्ता' असा मोघम शब्द होता, त्यामुळे कोर्टाने कायदा वाचवला, पण अर्थ आवळून: मालमत्ता म्हणजे शेतजमीन सोडून इतर मालमत्ता.

पाच दिवसांचा उशीर. आणि ज्या देशात बहुतेक कुटुंबांची मिळकत म्हणजे शेत, तिथे शेतच वगळलं गेलं. गिरगावातल्या चाळीत विधवेचा हिस्सा, साताऱ्याकडच्या जिराईत शेतात मात्र नाही, असा मामला. मग एकेका प्रांताने आपापला कायदा करून हे भोक बुजवलं. मुंबई प्रांताने १९४२ मध्ये, मद्रासने १९४७ मध्ये. ज्या विधवेचं नशीब ज्या प्रांतात, तसं.

दुसरा घोळ आणखी सूक्ष्म आहे. मुलगी विधेयकातून काढली, पण सून राहिली! आधी वारलेल्या मुलाच्या विधवेलाही मुलाप्रमाणे वाटा दिला होता (आणि ते योग्यच होतं). पण आता समजा, घरात मुलगा हयात नाही, विधवा आई आहे, विधवा सून आहे आणि मुलगी आहे. जुन्या कायद्यात मिळकत आधी आईकडे आणि तिच्यामागून मुलीकडे जायची. त्यातही मुंबई इलाख्यात 'व्यवहारमयूखा'च्या परंपरेमुळे मुलीला जे मिळायचं ते पूर्ण मालकीचं. नव्या कायद्यात आई आणि सून दोघी वाटेकरी, आणि मुलगी रांगेत मागे ढकललेली. स्त्रियांना अधिक चांगले हक्क देणाऱ्या कायद्याने एका स्त्रीचा होता तो हक्कही पातळ केला. आमच्या भाषेत याला रिग्रेशन म्हणतात: एक बग काढताना दुसरा घालणं.

देशमुख मात्र इथे थांबले नाहीत. १९३८ मध्ये हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क देणारं विधेयक त्यांनी आणलं. ते केंद्रात पार पडलं नाही (बडोदे संस्थानात असा कायदा १९३१ पासूनच होता, आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये केला). मग त्यांनी दुसरी वाट धरली. घटस्फोट देत नाही ना, ठीक आहे, निदान वेगळं राहण्याचा आणि तरीही पोटगी मिळण्याचा हक्क द्या. १९४६ मध्ये तसा कायदा झाला. नवऱ्याने छळ केला, टाकून दिलं, दुसरं लग्न केलं, घरात रखेल आणून ठेवली, तर बायकोने वेगळं राहावं आणि खर्च त्याने द्यावा. माणूस चिवट होता यात शंका नाही.

आणि १९३७ च्या त्या सदोष कायद्याचा एक परिणाम कुणाच्याच मनात नसताना झाला. त्यात इतक्या अडचणी निघाल्या, मुलीचं काय यावर इतकी पत्रं, सूचना, दुरुस्ती-विधेयकं आली, की जानेवारी १९४१ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. अध्यक्ष बी. एन. राव, आणि सभासदांत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल जे. आर. घारपुरे. काम होतं देशमुखांच्या कायद्यातल्या चुका निस्तरायचं. समितीने सांगितलं, असं ठिगळ लावून चालणार नाही, सगळा हिंदू कायदा एकदा नीट संहिता करून लिहा. ज्यांनी जुना कोड दुरुस्त करायला घेऊन शेवटी पुन्हा लिहायला काढला आहे त्यांना हा क्षण ओळखू येईल. तिथून पुढे हिंदू कोड बिल, डॉ. आंबेडकर, १९५१ चा त्यांचा राजीनामा. तो इतिहास तुम्हाला माहीत आहे, पुन्हा सांगत नाही. पण त्या मोठ्या नदीचा उगम एका सर्जनच्या अर्धवट विधेयकात आहे हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी मला कधी सांगितलं नाही, याचा थोडा राग आहे.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आला तेव्हा त्याच्या १४ व्या कलमाने विधवांचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा केला. देशमुखांनी जो हिस्सा बाईच्या हातात नुसता ठेवायला दिला होता, तो आता तिचा झाला. मुलीलाही वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण एकत्र कुटुंबात जन्माने वाटेकरी मात्र मुलगेच राहिले. आणि शेतजमीन? ४ थ्या कलमात एक पोटकलम घालून कूळकायदा, तुकडेबंदी वगैरे कायद्यांखालचा वारसा बाजूला ठेवला. पुन्हा तेच शेत, पुन्हा तीच मुलगी.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबात जन्माने हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. माझ्या एका मावसबहिणीचं लग्न त्याच्या चार वर्षं आधी झालेलं. तिच्याकडून तरी हक्कसोडपत्रावर सही घेतलीच, 'उगीच पुढे कटकट नको' म्हणून. बदल्यात साडी आणि जेवण. तिने तक्रार केली नाही. तलाठ्याकडून परत येताना मलाच म्हणाली, "अरे, माहेर तुटायला नको ना."

असो. २००५ मध्ये संसदेने १९५६ चा कायदा दुरुस्त केला. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाप्रमाणे जन्माने सहदायाद झाली, आणि त्याच दुरुस्तीने शेतजमिनीला आडकाठी करणारं ते पोटकलमही उडवलं. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर पुढे पंधरा वर्षं भांडणं चालली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की नसले तरी चालेल, हक्क जन्माने आहे. १९३७ मध्ये दिल्लीत मुलगी सिलेक्ट कमिटीच्या खोलीत मागे राहिली आणि शेत १ एप्रिलच्या तारखेत अडकलं, ती दोघं एकाच दिवशी कायद्यात परत आली, अडुसष्ट वर्षांनी.