पुढच्या चाकातली कट-कट आली कुठून?

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक आवाज आठवा. पार्किंगमधून गाडी काढताय, स्टेअरिंग पूर्ण वळवलंय, आणि पुढच्या चाकातून येतंय कट्-कट्-कट्. आज या आवाजाचा इतिहास सांगणार आहे. हो, आवाजालाही इतिहास असतो. तो माहीत नव्हता म्हणून आमच्या घरचे पैसे एकदा फुकट गेले.

मी कॉलेजात असताना बाबांनी जुनी मारुती ८०० घेतली. काही महिन्यांनी वळताना कट-कट सुरू झाली. गॅरेजवाल्याने चक्कर न मारताच सांगितलं, "साहेब, बेअरिंग गेलंय." बेअरिंग बदललं, बिल भरलं, कट-कट तशीच! त्यात आठवडाभराने आजीला घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचं होतं. बाबा म्हणाले, "एवढ्याशा आवाजाने काय होतंय?" पण मी हटून बसले. शेवटी कराडमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आवाज सरळ रस्त्यावरपण येतो, का फक्त वळताना?"

या प्रश्नाचं महत्त्व कळायला जरा मागे जाऊया.

आधी बेअरिंग. १७९४ मध्ये वेल्समधल्या फिलिप वॉनने घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. पण अगदी गोल, एकसारख्या गोळ्या बनवणार कोण? १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळ्या घासून गोल करणारं यंत्र बनवलं आणि तो प्रश्न सुटला. चाकातलं बेअरिंग झिजलं की कट-कट होत नाही, घूंऽऽ असा घुमणारा आवाज येतो. वेग वाढला की तोही वाढतो, सरळ रस्त्यावरही येतो. चालत्या गाडीत डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर.

मग आमची कट-कट कुणाची? ती फ्रंट व्हील ड्राइव्हची.

पूर्वी आपल्याकडची ॲम्बेसेडर असो की कुर्ल्यात बनणारी पद्मिनी, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जायचा. पुढची चाकं फक्त वळायची. पुढच्या चाकाला जोरही द्यायचा आणि ते वळूही द्यायचं, हे अवघड काम. साधा जुना जॉइंट तिरका झाला की चाक एकाच फेरीत कधी जोरात, कधी हळू फिरतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने यावर उपाय काढला. वाटीसारख्या भागात वाकड्या खाचा आणि त्या खाचांत पोलादी गोळ्या. जॉइंट कितीही वळला तरी वेग एकसारखा. हाच आपला सीव्ही जॉइंट.

तरी रस्ता सोपा नव्हता. १९३४ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने फ्रंट व्हील ड्राइव्हची 'त्राक्सिओं आव्हां' आणली. सुरुवातीच्या गाड्यांचे जॉइंट त्रास द्यायचे. आधीच कर्जात असलेली कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली आणि मिशलँने ती हातात घेतली. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिसच्या छोट्या 'मिनी'त झेप्पाच्या पद्धतीचा जॉइंट बसला आणि स्वस्त गाडीतही हे जमतं हे दिसलं. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली, आणि बघता बघता हा जॉइंट घरोघरी पोचला. कट-कटही त्याच्याबरोबर आली!

आता मिस्त्रींकडे परत येऊ. मी म्हटलं, "फक्त वळताना." त्यांनी मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवली. मग चाकामागे हात घातला. बोटं काळ्या ग्रीसने माखली. "हे बघ पोरी, बूट फाटलाय." बूट म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण. ते फाटलं की ग्रीस बाहेर जातं, माती आत येते, खाचा झिजतात. सरळ जाताना गोळ्या निमूट असतात, पण वळताना झिजलेल्या जागी आदळतात आणि कट-कट होते. बूट फाटल्याचं वेळेत दिसलं असतं तर तेवढ्यात भागलं असतं. आता जॉइंटच बदलावा लागला. चढावर तो तुटला असता तर इंजिन फिरत राहिलं असतं, पण चाकाला जोर मिळाला नसता. मागे आजी, खाली दरी. बाबा काही बोलले नाहीत, पण घाट चढताना रेडिओ बंद ठेवून आवाज ऐकत होते.

तर मंडळी, गॅरेजमध्ये जाण्याआधी एवढं ऐकून ठेवा. वळताना कट-कट म्हणजे सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढणारं घूंऽऽ म्हणजे बहुतेक बेअरिंग. खड्ड्यात खट्ट झालं तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट बघायला सांगा. ब्रेक लावताना चींऽऽ झालं तर आधी ब्रेक पॅड. फोनवर आवाज रेकॉर्ड करून न्या, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर माराच. न ऐकताच "बेअरिंग गेलंय" म्हणाला, तर गाडीची चावी परत मागा!

भेटू पुढच्या भागात.